फाइल मॅनेजरचे बग वर्षानुवर्षं सुटत का नाहीत? आणि आपण तोपर्यंत काय करायचं?



सकाळी दुकान उघडलं. ग्राहक काउंटरवर उभा आहे. काल बनवलेलं कोटेशन फक्त प्रिंट करून द्यायचंय. तुम्ही फोल्डर उघडता, आणि वर ती हिरवी पट्टी सरकायला लागते. सरकतेय, सरकतेय, अजून सरकतेच आहे. शेवटी फोल्डर उघडतो. जुनी फाइल डिलीट करायला जाता, तर निरोप येतो की ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. कुठल्या प्रोग्रॅममध्ये? तर ज्यातून तुम्ही डिलीट करताय त्याच एक्सप्लोररमध्ये!

भाईंदर पूर्वेचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा असो, मिरा रोडचं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान असो, नाहीतर घरातून केक विकणारी एखादी ताई असो, कॉम्प्युटर वापरणारा प्रत्येक छोटा व्यावसायिक दिवसातून दहा-वीस वेळा या खिडकीतून जातो. टॅली रोज उघडत नसाल, पण फाइल एक्सप्लोरर रोज उघडता. म्हणूनच त्यातली छोटी खोट सगळ्यात जास्त डोक्यात जाते.

बॅचमध्ये हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, "सर, एवढी मोठी कंपनी, एवढा पैसा, मग हे साधं दुरुस्त का करत नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. आज त्याचं उत्तर नीट समजून घेऊ. कारण त्यात आपला डेटा कसा सांभाळायचा हे तर आहेच, पण आपल्या स्वतःच्या धंद्यातल्या तक्रारी कशा हाताळायच्या, याचाही मोठा धडा आहे.

आधी काही जुने नमुने बघू

नमुना १: नावच घेत नाही. नवीन फोल्डर बनवा आणि इंग्रजीत सी-ओ-एन असं नाव द्या. कॉन्ट्रॅक्टचं छोटं रूप म्हणून कोणीही देईल. विंडोज नकार देतं. पी-आर-एन, ए-यू-एक्स, एन-यू-एल यांचंही तेच. कॉलेजात आपण याला गूढ रहस्य समजायचो, त्यावर मेलही फिरायचे. रहस्य वगैरे काही नाही. १९८१ च्या डॉसच्या काळात ही नावं कीबोर्ड-स्क्रीन, प्रिंटर अशा उपकरणांसाठी राखीव होती. त्या नावांवर चालणारे जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून चाळीस वर्षं उलटली तरी नियम तसाच आहे. गंमत म्हणजे देवनागरीत 'कॉन' लिहा, फोल्डर मुकाट्याने बनतो.

नमुना २: २६० अक्षरांची भिंत. फाइलचं नाव, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव, त्याच्या वरच्या फोल्डरचं नाव, असा सगळा पत्ता मिळून विंडोजची पारंपरिक मर्यादा २६० अक्षरांची आहे. २०१६ मध्ये विंडोज १० मध्ये ही मर्यादा ओलांडण्याची सोय आली, पण ती मुद्दाम चालू करावी लागते आणि प्रोग्रॅमनेही ती मानावी लागते. एक्सप्लोरर मात्र लांब पत्त्यांवर अजूनही अडखळतो. मराठी नावं देणाऱ्यांनी इथे जास्त जपायचं, कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. 'स्टेनलेस स्टील' हे आपल्या डोळ्यांना सहा अक्षरं आणि एक मोकळी जागा दिसते. कॉम्प्युटरच्या हिशेबात ती चौदा होतात.

नमुना ३: शेपूट झाकलेलं. फाइलच्या नावाच्या शेवटी पीडीएफ, डॉक, जेपीजी असं जे येतं ते एक्सटेन्शन. विंडोज ९५ पासून आजपर्यंत ते मुळात लपवलेलंच येतं. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस जगभर पसरला, त्याने हीच खोट वापरली. साधी मजकुराची फाइल वाटायची आणि खऱ्या शेपटाने ती प्रोग्रॅम असायची. आज प्रेमपत्राच्या जागी 'इनव्हॉइस' किंवा 'परचेस ऑर्डर' येते, युक्ती तीच. डीफॉल्ट मात्र अजून बदललेलं नाही.

नमुना ४: तात्पुरती खिडकी. पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅट दाबलं की एक साधीसुधी उभी खिडकी येते. मायक्रोसॉफ्टचे माजी इंजिनियर डेव्ह प्लमर यांनी २०२४ मध्ये सांगितलं की ती त्यांनी १९९४ च्या अखेरीस तात्पुरती म्हणून लिहिली होती, चांगली खिडकी नंतर येणार होती. ती आलीच नाही. फॅट ३२ या जुन्या पद्धतीची ३२ जीबीची फॉरमॅट मर्यादाही त्याच सकाळी ठरली. 'तात्पुरतं' तीस वर्षं टिकलं!

नमुना ५: अर्धवट रंगकाम. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये एक्सप्लोररला डार्क मोड मिळाला. पण कॉपी करताना, डिलीट करताना येणाऱ्या खिडक्या पांढऱ्याफटकच राहिल्या, त्याही सात वर्षं. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या प्रिव्ह्यू अपडेटमध्ये त्या काळ्या झाल्या, आणि त्याच अपडेटमुळे डार्क मोडमध्ये एक्सप्लोरर उघडताना पांढरा झटका दिसायला लागला. एक गळती बुजवली, शेजारी दुसरी लागली.

मराठीत काम करणाऱ्यांना अजून एक आठवेल. विंडोज ७ च्या जमान्यात देवनागरी नावाची फाइल झिप करायला गेलं की 'या नावात न चालणारी अक्षरं आहेत' असा निरोप यायचा. आपली मातृभाषा म्हणजे 'न चालणारी अक्षरं'! नंतरच्या आवृत्त्यांत ते सुटलं. पण तोपर्यंत किती डीटीपीवाल्यांनी प्रत्येक फाइलचं नाव इंग्रजीत बदलून मग पाठवलं असेल, विचार करा.

मग हे सुटत का नाही?

"त्यांना पडलेलीच नाही" हे उत्तर सोपं आहे, पण अर्धवट आहे. खरी कारणं चार आहेत, आणि चारही आपल्या धंद्यात सापडतात.

पहिलं, जुना ग्राहक. जगात कुठेतरी कोणाचं तरी जुनं सॉफ्टवेअर त्या जुन्या वागण्यावरच उभं आहे. सी-ओ-एन मोकळं केलं, २६० ची भिंत पाडली, तर तुमची सोय होईल, पण कोणाचा तरी वीस वर्षं चालणारा प्रोग्रॅम बंद पडेल. तुम्ही डब्याची साइज बदलली की जुना होलसेलर ओरडतो ना, "आमच्या खोक्यात बसत नाही", तसंच.

दुसरं, प्रत्येकाला थोडाच त्रास. हिरवी पट्टी तुमचे दहा सेकंद खाते. दहा सेकंदांसाठी कोणी कॉम्प्युटर बदलत नाही. चिडतो आणि पुढे जातो. ज्या त्रासामुळे ग्राहक सोडून जात नाही, तो त्रास यादीत नेहमी खाली राहतो.

तिसरं, नवीन गोष्ट दिसते, दुरुस्ती दिसत नाही. २०२२ मध्ये एक्सप्लोररला टॅब आले, त्याची जगभर बातमी झाली. 'आता डिलीट करताना अडकत नाही' याची बातमी होत नाही. दुकानाला नवा बोर्ड लावला की चार लोक विचारतात, मागचा गळका नळ बदलला तर कोण विचारतं?

चौथं, मालक नाही. हे समजायला मायक्रोसॉफ्टच्या बाहेरचं उदाहरण घेऊ. लिनक्सवर ग्नोम नावाचं मोफत, खुलं डेस्कटॉप आहे. त्यात फाइल निवडायच्या खिडकीत फोटोंची छोटी चित्रं दिसावीत, नुसती नावांची यादी नको, अशी मागणी २००४ मध्ये नोंदवली गेली. ती पूर्ण होऊन लोकांच्या हातात आली मार्च २०२३ मध्ये, ग्नोम ४४ सोबत. इथे नफ्याचा प्रश्न नव्हता. कोड सगळ्यांसाठी उघडा होता, कोणीही दुरुस्त करू शकत होतं. पण 'कोणीही' म्हणजे बहुतेक वेळा 'कोणीच नाही'. काम सगळ्यांचं असलं की ते कोणाचंच राहत नाही. लग्नघरात पाहुण्यांच्या चपला कोण सरळ लावतं, तसं.

आता गंभीर गोष्ट: ऑक्टोबर २०१८

इथपर्यंत जे सांगितलं ते डोकेदुखीच्या यादीतलं. पण एकदा डोकेदुखीच्या ढिगातच खरा आजार लपून राहिला. ही गोष्ट प्रत्येक उद्योजकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

२ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं १८०९ हे मोठं अपडेट आलं. काही दिवसांतच लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या की अपडेट केलं आणि डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाइली गेल्या. रिसायकल बिनमध्येही नाहीत. मायक्रोसॉफ्टला अपडेट थांबवावं लागलं आणि ते पुन्हा सोडायला १३ नोव्हेंबर उजाडला.

कारण काय होतं? बरेच लोक सी ड्राइव्ह भरला की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर डी ड्राइव्हवर वळवतात. आपल्याकडेही कॉम्प्युटरवाला दादा हेच करून देतो. पण वळवताना जुन्या जागेवर काही फाइली तशाच राहून गेल्या, तर तिथे एकाच नावाचे दोन फोल्डर दिसतात. लोकांची तक्रार होती की हे दुहेरी फोल्डर दिसतात, गोंधळ होतो. मायक्रोसॉफ्टने ही किरकोळ तक्रार सोडवायला घेतली आणि अपडेटने जुना फोल्डर 'आता नको' म्हणून उडवला. त्यात काही जणांचं खरं काम होतं.

आणि खरी मेख इथे आहे. अपडेट सगळ्यांसाठी सोडण्याआधी चाचणी करणाऱ्यांपैकी काही जणांनी फाइली गेल्याची तक्रार आधीच नोंदवली होती. पण तक्रारींची यादी 'किती जणांनी दुजोरा दिला' यावर वर-खाली व्हायची. फाइली जाणारे थोडेच होते, म्हणून ती तक्रार खाली बुडाली. नंतर मायक्रोसॉफ्टने सांगितलेला आकडा होता एका टक्क्याचा शंभरावा भाग, म्हणजे दहा हजारात एक. आकडा छोटाच. पण त्या एकाच्या दृष्टीने नुकसान शंभर टक्के.

यानंतर मायक्रोसॉफ्टने तक्रार नोंदवण्याच्या पद्धतीतच बदल केला. तक्रार करताना ती किती गंभीर आहे, हेही सांगायची सोय आली.

याच आवृत्तीत झिपची पण एक खोट होती. झिपमधून फाइल बाहेर काढताना त्याच नावाची फाइल तिथे आधीच असेल, तर 'बदलू का?' हा नेहमीचा प्रश्नच येत नव्हता. एक छोटा प्रश्न गायब झाला की किती मोठं काम धोक्यात येतं बघा.

म्हणून पहिला नियम: डोकेदुखी वेगळी, नुकसान वेगळं

कॉम्प्युटरने त्रास दिला की आधी एकच प्रश्न विचारायचा: यात माझा वेळ जातोय की माझं काम जातंय? वेळ जात असेल तर युक्ती शोधा आणि पुढे चला. काम जात असेल तर सगळं थांबवा.

वेळ खाणाऱ्या त्रासांवर झटपट उपाय

• फोल्डर हळू उघडतोय, हिरवी पट्टी सरकतेय? फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, आणि तिथे 'जनरल आयटम्स' निवडा. फोल्डरमध्ये फोटो-व्हिडिओ दिसले की एक्सप्लोरर त्यांची माहिती गोळा करत बसतो, त्याला सांगायचं, नको.

• 'फाइल उघडी आहे' म्हणून डिलीट होत नाही? उजवीकडची प्रिव्ह्यूची पट्टी बंद करा. ऑल्ट आणि पी एकत्र दाबा. बऱ्याचदा फाइल तिथेच अडकलेली असते.

• एक्सप्लोरर गोठलाय? कॉम्प्युटर बंद-चालू करू नका. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'विंडोज एक्सप्लोरर' निवडा आणि रीस्टार्ट दाबा. बाकीचे प्रोग्रॅम चालू राहतात.

• एक्सटेन्शन दिसत नाहीत? विंडोज ११ मध्ये व्ह्यू, शो, 'फाइल नेम एक्सटेन्शन्स'. आजच चालू करा. हे फक्त सोयीसाठी नाही, सुरक्षेसाठी आहे.

• मोठा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जात नाही? ड्राइव्ह फॅट ३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, मग ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. आतला डेटा आधी दुसरीकडे काढा आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

आणि एक सावधगिरी: प्रत्येक अडचण बग नसते. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींचा प्रिव्ह्यू दिसेनासा झाला. अनेकांना वाटलं बिघडलं. ते सुरक्षेसाठी मुद्दाम केलं होतं. पाठवणारा ओळखीचा आणि खात्रीचा असेल तरच त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' करा, नाहीतर आहे तसं राहू द्या.

काम वाचवण्यासाठी शिस्त

आता महत्त्वाचं. आपल्याला डेटा किती वर्षं लागतो? जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. २०२४-२५ च्या रिटर्नची तारीख ३१ डिसेंबर २०२५. त्यापुढे ७२ महिने म्हणजे डिसेंबर २०३१. तोपर्यंत तुमचा कॉम्प्युटर एकदा तरी बदललेला असेल, विंडोजही बदललेलं असेल. म्हणजे ज्या मशीनवर बिल बनलं त्या मशीनच्या भरवशावर राहून चालणारच नाही.

एक, फोल्डर उथळ ठेवा. वर्ष, मग पार्टीचं नाव, मग फाइल. तीन पायऱ्या पुरे. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात 'न्यू फोल्डर', त्यात 'न्यू फोल्डर दोन' असं केलं की २६० ची भिंत लवकर येते, आणि माणसालाही सापडत नाही.

दोन, नावात तारीख आधी, आणि तीही वर्षापासून. २०२६-०१-१५, मग पार्टी, मग कोटेशन. वर्ष पुढे असलं की नावाप्रमाणे लावल्यावर फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने येतात. 'फायनल', 'फायनल नवीन', 'एकदम फायनल' हे बंद. त्याऐवजी शेवटी १, २, ३ असे नंबर द्या.

तीन, झिपमध्ये बसून काम करू नका. सीएच्या ऑफिसातून झिप आली की आधी ती रिकाम्या नव्या फोल्डरमध्ये पूर्ण उघडा. मग काम करा. जुन्या फाइलींच्या अंगावर कधीच उघडू नका.

चार, तीन-दोन-एक. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला हा नियम आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुकानाच्या बाहेर. कॉम्प्युटरवर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, आणि एक ऑनलाइन किंवा घरी. पावसाळ्यात आपल्याकडे तळमजल्याच्या गाळ्यात पाणी शिरतं हे कोणाला नव्याने सांगायला नको. कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क एकाच टेबलाखाली ठेवली तर दोन्ही एकाच पाण्यात जातील.

पाच, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह छान आहेत. पण तुम्ही इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट होतं. आणि विंडोज ११ मध्ये वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर तुमचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स प्रत्यक्षात वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात. तो बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, आधी वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये बघा.

सहा, मोठ्या अपडेटआधी प्रत काढा. २०१८ मध्ये ज्यांच्याकडे दुसरी प्रत होती, त्यांच्यासाठी ती एक त्रासदायक दुपार होती. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

सात, फाइल गेली तर हात थांबवा. मायक्रोसॉफ्टनेही त्या वेळी हेच सांगितलं होतं की कॉम्प्युटर कमीत कमी वापरा. जितकं नवीन लिहाल तितकी जुनी फाइल परत मिळण्याची शक्यता कमी. "बघू जरा" म्हणून चार सॉफ्टवेअर टाकत बसू नका.

विंडोज १० वाल्यांसाठी अजून एक शब्द. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नियमित सपोर्ट संपला. म्हणजे त्यात आज जे बग आहेत ते सुटतील अशी वाट बघण्यात अर्थ नाही. मशीन विंडोज ११ घेत असेल तर घ्या, नसेल तर नव्या मशीनसाठी महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढायला सुरुवात करा.

आता आरसा आपल्याकडे

मित्रांनो, कंपनीला नावं ठेवणं सोपं आहे. पण आपल्या दुकानाचा ग्राहकही आपल्याबद्दल हेच बोलत नसेल कशावरून? "कितीदा सांगितलं, बिलावर पत्ता चुकीचा येतो." "फोन केला की कोणी उचलतच नाही." तोही चिडतो आणि पुढे जातो. फरक एवढाच की विंडोज सोडणं अवघड आहे, तुमचं दुकान सोडणं सोपं. पलीकडच्या गल्लीत दुसरं आहेच.

समजा तुम्ही भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवता. महिन्याभरात दहा जण म्हणाले, खोक्यावर ओरखडे असतात. एक जण म्हणाला, कढईचा कान तापल्यावर सुटला. मतं मोजली तर खोकं जिंकतं, दहा विरुद्ध एक. पण कढईत गरम तेल आहे! त्या एका तक्रारीसाठी त्या दिवशीचं वेल्डिंग थांबवून तो लॉट तपासायला हवा. खोक्याचं पुढच्या महिन्यात बघू.

टिफिनचं तसंच. बारा जण म्हणतात भात कमी असतो. एक ताई सांगते की मुलाला शेंगदाणा चालत नाही असं सांगूनही चटणीत कूट आलं. आधी काय सोडवाल?

म्हणून तक्रारींची एक वही ठेवा. पाच रकाने पुरेत: तारीख, तक्रार काय, किती जणांची, किती गंभीर, आणि कोण सोडवणार. 'किती गंभीर' मध्ये तीनच खुणा: वेळ जातो, पैसे जातात, माणसाला इजा होऊ शकते. तिसरी खूण आली की मतं मोजायची नाहीत. आणि शेवटच्या रकान्यात 'आपण सगळे' असं कधीच लिहायचं नाही. एक नाव लिहायचं. चौदा-पंधरा वर्षं रेंगाळलेली कामं बघा, त्यांच्यासमोर कधीच कोणाचं नाव नव्हतं.

'तात्पुरतं' या शब्दावरही नजर ठेवा. सेलोटेपने बांधलेली वायर, उधारीची चिठ्ठी गल्ल्यात, रेट लिस्ट फक्त मालकाच्या डोक्यात. प्रत्येक तात्पुरत्या सोयीवर एक तारीख टाका, कधीपर्यंत. तारीख नसलेलं तात्पुरतं तीस वर्षं चालतं, हे आपण वर बघितलंच.

तक्रार करायची तर नीट करा

शेवटी एक, कारण आपण फक्त तक्रारी घेत नाही, करतोही. विंडोजमध्ये विंडोज की आणि एफ दाबलं की फीडबॅक हब उघडतं. तिथे 'एक्सप्लोरर बेकार आहे' असं लिहून काही होत नाही. तीन ओळी लिहा: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. आणि गंभीर असेल तर तसं स्पष्ट सांगा. हीच तीन ओळींची पद्धत सप्लायरला, कुरियरवाल्याला, महापालिकेच्या अर्जातही चालते. राग काढलेला मेसेज लोक वाचून सोडून देतात. नीट लिहिलेल्या तीन ओळी टाळणं त्यांना अवघड जातं.

या आठवड्याचा होमवर्क

१. एक्सटेन्शन दिसतील असं सेटिंग करा. दोन मिनिटं.

२. सगळ्यात महत्त्वाचा एक फोल्डर निवडा आणि त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. मग त्या डिस्कवरून एक फाइल उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नसतो.

३. तक्रारवहीची पाच रकान्यांची पहिली पानं आखा आणि गेल्या महिन्यात ऐकलेल्या सगळ्या तक्रारी आठवून लिहा. एकाच माणसाने केलेली, पण सगळ्यात गंभीर तक्रार कोणती, तिच्यावर गोल करा. या आठवड्यात फक्त तेवढी एक सोडवा.

हिरवी पट्टी उद्याही सरकणार आहे. ती थांबवणं आपल्या हातात नाही. कढईचा कान मात्र आपल्या हातात आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, डेटा सांभाळा!